केळ की संत्रं

पोळ्याच्या दिवशी बैलांच्या मानेवर जू नसतं. त्यामुळे दौलतरावांच्या मळ्यात त्या दिवशी माणसं मोकळी सापडत आणि घरातली सगळी भांडणं त्याच दिवसासाठी राखून ठेवलेली असत. एरवी कुणाला सवड होती? पहाटे वांगी तोडायची, पाट्या भरायच्या, कारंज्याचा बाजार गाठायचा, दुपारी निंदण, संध्याकाळी उद्याची पालेभाजी. रुसायचं म्हटलं तरी माणसाला घडीभर बसावं लागतं. मागच्या पोळ्याला मोठी सून तुळसाबाई वेगळ्या चुलीवरून रुसली होती आणि पुरणपोळ्या दुसऱ्या दिवशी गायींना घालाव्या लागल्या होत्या. छत्तीस सालच्या पोळ्याला जो विषय निघाला, त्यापुढे वेगळी चूल म्हणजे पोरखेळ वाटावा. धाकटा जगदेव आफ्रिकेत इंग्रजी शिकवायला निघाला होता, आणि किती वर्षांसाठी ते संध्याकाळी बैल गावच्या तोरणाखाली जायच्या आत ठरायचं होतं.

जायचं की नाही, हा वाद आधीच मिटला होता. कस्तुराबाईंनी लेकाला अडवण्यासाठी जेवण सोडून पाहिलं, पण नेमकी त्याच सुमाराला मक्याची कणसं आली आणि तो बेत बारगळला. कारंज्याचे कापसाचे व्यापारी तय्यबअली शेठ, त्यांचे भाऊबंद मोंबाशाला होते. तिथल्या व्यापाऱ्यांनी आपल्या पोरांसाठी शाळा काढली होती आणि त्यांना इंग्रजीचा मास्तर हवा होता. शेठच्या मुलाची शिकवणी जगदेव घ्यायचा, म्हणून शेठनी त्याचं नाव सुचवलं. करार एका वर्षाचा करा, तीन करा नाहीतर पाच करा, मास्तरांची मर्जी. मात्र शेठचे मुनीम उद्या सकाळच्या मूर्तिजापूरच्या लहान गाडीनं मुंबईला निघणार होते, त्यांच्या कानावर आकडा घालायचा होता.

धाकटी सून प्रयागबाई स्वयंपाकघरात पाट्यावर पुरण वाटत होती. हात पाट्यावर होते आणि कान बाहेरच्या कडुनिंबाखाली. तिथं सासरे दौलतराव, मोठे दीर पंजाबराव, मानोऱ्याहून आलेले रामरावमामा आणि तिचा नवरा जगदेव बैलांच्या शिंगांना रंग लावत बसले होते. सासूबाई कस्तुराबाई मधोमध बाजेवर बसल्या होत्या. गूळ फोडायचं निमित्त करून त्या बाहेर गेल्या, त्याला बराच वेळ झाला होता.

“मी काय म्हन्तो,” रामरावमामा म्हणाले, “तठी बी इंग्रजाचंच राज्य हाय ना? मंग इंग्रजी शिकवाले इंग्रज नाई का भेटत? आपला मानूस काहून पाह्यजे?”

“मामा, अठी बी इंग्रजाचंच राज्य हाय,” जगदेव म्हणाला. “मंग कारंज्याच्या शाळेत मी काहून शिकवतो?”

मामांनी तंबाखू मळता मळता यावर विचार केला. मामा कस्तुराबाईंचे भाऊ. ते एकदा नागपूरला जाऊन आले होते आणि परमुलखाविषयीचं त्यांचं सगळं ज्ञान त्या एका फेरीतून आलेलं होतं.

“नागपुरातच मले पानी लागलं होतं,” ते शेवटी म्हणाले. “उभाच राहू नाई शकलो. आफ्रिकेच्या पान्याचं तं बोलूच नका.”

“पान्याचं राहू द्या,” दौलतराव म्हणाले. “काय लावाचं, ते बोला.”

खरा वाद आता सुरू होणार होता. या घराला वर्षं मोजायची सवय नव्हती. घरातलं कुणी लांब जायला निघालं की विहिरीकाठच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्याच्या नावाचं झाड लावायचं आणि त्या झाडाचं पहिलं फळ तोडायला त्यानं परत यायचं, ही रीत दौलतरावांच्या वडिलांपासून चालत आलेली. पंजाबराव एका सालासाठी मानोऱ्याला मामांच्या शेतावर गेले तेव्हा केळ लावली होती. घड कापायला ते आले, आणि मामांची दोन अवजारंही चुकून घेऊन आले. जगदेव अमरावतीला शिकायला गेला तेव्हा पेरू लावला. पेरूही वेळेवर आला, जगदेवही आला. त्यामुळे तय्यबअली शेठच्या भाषेतलं एक, तीन आणि पाच या घरात शिरेपर्यंत केळ, पेरू आणि संत्रं झालेलं होतं.

“मेथी लावा,” कस्तुराबाई म्हणाल्या. “मेथी तोडाले आली का लेकानं घरी यावं.”

“आई, तोवर तं मी जहाजातच असन.”

“मंग तसाच फिरून ये.”

“केळ,” दौलतराव म्हणाले. “एक साल. पाहून ये, शिकवून ये, झालं.”

“बाबा, एका सालात काय होते?” पंजाबराव म्हणाले. “पेरू तरी लावा. मानूस एवढ्या लांब जाते, त्याले जरा बसू द्या तठी.”

भावावरच्या मायेनं ते बोलताहेत असं मामांना वाटलं असेल. प्रयागबाईला ठाऊक होतं, की पंजाबरावांचा जगदेवच्या खोलीवर डोळा आहे. खोली कोरडी होती, वाऱ्याची होती आणि बियाण्याचे कांदे ठेवायला तिच्यासारखी जागा मळ्यात दुसरी नव्हती. रात्रीच्या बैठकीला म्हणून येऊन ते खोलीच्या आढ्याकडे असे काही पाहत, की कांद्यांच्या माळा आत्ताच लोंबताना दिसाव्या.

मग जगदेव खाकरला. वर्गात पोरांपुढे खणखणीत इंग्रजी झाडणारा हा माणूस बापापुढे मराठीतही अडखळत असे.

“बाबा, मले वाटते... संत्रं लावावं.”

बैलाच्या शिंगावरचा मामांचा हात थांबला. प्रयागबाईचा वरवंटाही थांबला. म्हणाला एकदाचा, असं मनात येऊन तिनं डोळे मिटले.

संत्रं तिनंच सांगितलं होतं. शेठकडून आला त्या दिवशी वांग्याच्या सरीत जगदेवनं तिला सगळं सांगितलं होतं. एका किंवा तीन वर्षांसाठी येणाऱ्या मास्तरनं व्यापाऱ्यांच्या गोदामावरच्या माडीत एकट्यानं राहायचं. पाच वर्षं कबूल करणाऱ्याला मात्र दोन खोल्या मिळायच्या आणि बायकोचा प्रवासही शाळा करायची. “मंग पाच म्हना,” ती म्हणाली होती. “म्हनतो,” तो म्हणाला होता. आणि आता त्यानं संत्रं म्हटलं होतं, पण का म्हटलं ते सांगायची त्याची छाती नव्हती. या घरात बापासमोर नवरा बायकोकडे पाणीसुद्धा मागत नसे. मला बायकोला संगं न्यायची आहे, असं चारचौघांत बोलणारा पुरुष अजून दौलतरावांच्या कुळात जन्मला नव्हता, आणि जगदेव तो पहिला होईल अशी काही लक्षणं दिसत नव्हती.

“पाच साल?” कस्तुराबाई बाजेवरून उठल्याच. “अरे, तुह्या पोटात काळीज हाय का वांगं? त्या पोरीकडे पाय जरा. अमरावतीले गेला तवा पेरूले पानी घालू घालू तिचे हात सोलले. आता संत्र्याले बी तिनंच घालाव का? मी हाय तोवर माह्या सुनेचे हाल मी होऊ देनार नाई.”

प्रयागबाईनं कपाळाला पुरणाचाच हात लावून घेतला. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि या सात वर्षांत सासूबाईंनी तिची बाजू कधी म्हणून घेतली नव्हती. पुरण जाड झालं तर तिचं, दूध उतू गेलं तर तिचं, कोंबडी मुंगसानं नेली तर तीही तिच्याच हलगर्जीपणानं. आज त्यांनी बाजू घेतली, ती अशी. आणि सात वर्षांतली निम्मी तर पेरूनंच खाल्ली होती. नवरा सुट्टीला यायचा, पाहुण्यासारखा चार दिवस राहायचा, आणि ती पुन्हा घागर घेऊन पेरूच्या बुंध्याशी. तिनं मनाशी पक्कं केलं होतं, की आता ती कुठल्याही झाडाला नवऱ्याच्या वाटेचं पाणी घालणार नाही.

“पाच साल गेल्यावर तुयं कसं होईन वं?” चुलीपाशी पोळ्या लाटणारी तुळसाबाई हळहळली. ती पंजाबरावांची बायको, दोघींची थट्टामस्करीही चाले आणि भांडणंही.

प्रयागबाईला राहवलं नाही. तिनं जावेला सगळं सांगून टाकलं. तुळसाबाईचं लाटणं मध्येच थांबलं.

“म्हंजे तू बी चालली?”

“पाच साल झालं तं.”

“अन मंग निंदाले मी एकलीच? बाजाराच्या पाट्या भराले मी एकलीच? आत्याबाईचं बोलनं खाले बी एकलीच?”

“जाऊबाई, तुमी तं...”

“मी काय?” तुळसाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते चुलीच्या धुरानं नव्हतं. “मले करमन का तुह्याबिगर? तुले काय, तू जाशीन जहाजात बसून.”

एवढं बोलून ती पदर सावरत दारापाशी गेली आणि सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आत्याबाई, केळच बरी. पाच साल म्हंजे लयच झाले.” मग परत येऊन पोळपाटाशी बसली आणि जावेकडे न पाहता पोळ्या लाटू लागली. पोळ्या त्रिकोणी निघू लागल्या.

आता प्रयागबाईपाशी एकच वाट उरली होती, आणि ती गोठ्यातून जात होती.

सासऱ्यांशी आणि मोठ्या दिरांशी सुनेनं बोलायचं नाही, ही रीत या घरात कडक होती. एखादं लेकरू असतं तर त्याच्याकरवी निरोप गेले असते. पण तुळसाबाईच्या मुली लग्न होऊन सासरी गेल्या होत्या आणि प्रयागबाईची कूस अजून उजवली नव्हती. म्हणून हे काम म्हशीची वगार भुरी हिच्याकडे आलं होतं. “भुरे, भाकर झाली वं” असं प्रयागबाई म्हणाली की दौलतराव हात धुवायला उठत. “भुरे, मीठ सरलं वाटते” म्हटलं की संध्याकाळी मीठ घरात येई. दौलतरावही काही सांगायचं झालं तर भुरीच्या पाठीवर थाप मारून सांगत. सात वर्षं सासरा-सुनेचा सगळा कारभार असा भुरीच्या, आणि तिच्याआधी तिच्या आईच्या मध्यस्थीनं चालला होता, आणि त्यात एकदाही गैरसमज झाला नव्हता. माणसं मध्ये असती तर तसं सांगता आलं नसतं.

प्रयागबाई हिरव्या गवताची पेंढी घेऊन गोठ्यात गेली. गोठा आणि कडुनिंब यांच्यात कुडाची एक भिंत होती, तीही अर्धी. तिनं पेंढी टाकली आणि वगारीच्या गळ्याखाली खाजवू लागली.

“भुरे,” ती म्हणाली, “तुले माईत हाय का? मोंबाशाले एका सालाच्या मास्तरले गोदामावर झोपा लागते. एकट्यानं. खानावळीत खा लागते.”

कडुनिंबाखालचं बोलणं थांबलं.

“अन पाच सालाच्या मास्तरले दोन खोल्या भेटतात. घरच्या मानसाले बी जहाजातून नेतात. शाळाच नेते.”

मग दौलतराव उठले, कुडाच्या अलीकडे येऊन उभे राहिले आणि वगारीकडे पाहून म्हणाले, “भुरे, हे तुले कोनं सांगतलं?”

“ज्याले सांगाची लाज वाटते, त्यानं सांगतलं वं भुरे.”

जगदेव बैलाच्या पोटाआड दिसेनासा झाला. मामा त्याला शोधत खाली वाकले आणि म्हणाले, “काय रे, खरं हाय का वगार म्हन्ते ते?”

“हो, मामा,” बैलाच्या पलीकडून आवाज आला.

“मंग हे आंधी काहून नाई सांगतलं, बह्यताडा?”

जगदेव पलीकडून बैलाचं दुसरं शिंग रंगवू लागला.

पंजाबराव मात्र पुढच्या एका मिनिटात दोनदा फिरले. दोघंही जाताहेत म्हटल्यावर खोली पुरती मोकळी, कांद्यांना ऐसपैस, म्हणून आधी ते म्हणाले, “पाच तं पाच. संत्रं काही वाईट नाई.” मग त्यांच्या ध्यानात आलं, की मळ्यातली मिरचीची आणि वांग्याची रोपं धाकट्या भावजयीच्या हातची असतात, आणि तिच्या हातची रोपं मरत नाहीत. “पन मंग वाफे कोन पाहीन?” ते म्हणाले. “नाई, बाबा, केळच लावा.” त्यांच्या चेहऱ्यावर कांदे आणि मिरच्या यांची कुस्ती चाललेली सगळ्यांना दिसत होती.

कस्तुराबाई बाजेवर पुन्हा बसल्या होत्या.

“तिले बी नेतात म्हन्ता?” त्यांनी विचारलं.

“हो, आई.”

“मंग पाच,” त्या म्हणाल्या.

“अवं, आताच तं तू मेथी लावून राह्यली होती,” मामा म्हणाले.

“तवा तो एकटा जाऊन राह्यला होता,” कस्तुराबाई म्हणाल्या. “एकट्या मानसाची मले भीती वाटते, रामराव. एकटा मानूस तिकडचाच होते. बापूराव एकटाच गेल्ता.”

हे नाव घरात कुणी घेत नसे. धुऱ्यावर पेरूच्या पलीकडे एक मोठा आंबा होता, तो बापूरावचा. बापूराव म्हणजे दौलतरावांचा धाकटा भाऊ. मोठ्या लढाईच्या वेळी खेचरांच्या तांड्याबरोबर बसऱ्याला माणसं नेत होते, त्यांच्यात तो एका पहाटे कुणाला न सांगता निघून गेला. दुपारी कळल्यावर दौलतराव मूर्तिजापूरच्या स्टेशनापर्यंत धावले, पण गाडी गेली होती. परत आल्यावर त्यांनी हाताला आलं ते रोप भावाच्या नावानं लावलं, ते आंब्याचं होतं. आंबा वाढला, मोहरला, फळाला आला. बापूराव आला नाही, त्याची खबरही आली नाही. त्या आंब्याचं फळ घरातलं कुणी खात नसे. वाटसरू खात, माकडं खात. फार गोड आहे, असं लोक सांगत.

दौलतरावांनी रंगाची वाटी खाली ठेवली.

“केळ,” ते म्हणाले. “एक साल. जास्ती सालाचं झाड मी माह्या हातानं लावनार नाई. झालं बोलून.” मग वगारीकडे न पाहता, कुणाकडेच न पाहता म्हणाले, “केळीचा एक मुनवा आना म्हना. बैल निंघाच्या आंधी लावून टाकू.”

आणि टिकास घेऊन ते धुऱ्याकडे गेले. दौलतरावांचं झालं म्हणजे झालं, हे सगळ्या मळ्याला माहीत होतं. जगदेव बैलाच्या आडून बाहेर आला तेव्हा त्याच्या नाकाला हिंगुळ लागला होता आणि तोंड पडलं होतं. त्यानं एकवार गोठ्याकडे पाहिलं. प्रयागबाईला त्याचा राग आला, कीवही आली, आणि त्याच्या नाकावरचा तो लाल ठिपका पाहून हसूही आलं. मग तिला रडू आलं. ती वगारीच्या मानेवर डोकं टेकून थोडा वेळ रडली. भुरीनं तिचा पदर चावायला घेतला, तेव्हा तो सोडवून घेण्यासाठी तिला रडणं थांबवावं लागलं.

मुनवा, म्हणजे केळीचा कोंब, आणायचा निरोप तिच्यासाठीच होता. केळीची बाग विहिरीच्या खाली, आणि तिथं जायची वाट रोपवाटिकेवरून. वाटेत संत्र्याच्या कलमांचा वाफा लागत होता. ही कलमं दौलतरावांनीच बांधलेली, पुढच्या महिन्यात बाजारात न्यायची होती. प्रयागबाई वाफ्याशी थांबली. माहेरी अनसिंगला तिचे वडील रोप निवडताना खाली वाकून बुंध्याचा जोड बोटानं चाचपून पाहत, तसं तिनं एकेक पाहिलं. एक चांगलं सरळ निघालं. तिनं ते मातीच्या गोळ्यासकट अलगद काढलं, गोळ्याला ओलं गवत गुंडाळलं आणि दोन्ही हातांवर घेऊन धुऱ्याकडे निघाली.

धुऱ्यावर सगळे जमले होते. बैल झुली घालून उभे होते, शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग. तुळसाबाई नैवेद्याचं ताट घेऊन आली होती. दौलतरावांनी केळीपुरता लहानसा खड्डा काढून ठेवला होता. प्रयागबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि संत्र्याचं रोप त्यांच्या पायांशी ठेवलं.

दौलतरावांनी रोपाकडे पाहिलं. मग सवयीनं त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. भुरी तिकडे गोठ्यात बांधलेली होती.

“हे काय आनलं?” ते शेवटी म्हणाले. कुणाला, ते त्यांनी हवेवरच सोडून दिलं.

“संत्रं, मामाजी,” प्रयागबाई म्हणाली.

रामरावमामांची चिमूट ओठापर्यंत गेली होती, ती तिथंच राहिली. कस्तुराबाईंनी तोंडाला पदर लावला. सात वर्षांत सून सासऱ्याशी पहिल्यांदा बोलली होती, आणि तेही नाही म्हणण्यासाठी.

दौलतराव चिडले आहेत की काय, हे कळायला त्यांचं तोंड दिसायला हवं होतं, आणि प्रयागबाईची नजर त्यांच्या पायांच्या वर जात नव्हती. पाय मातीनं भरलेले होते आणि म्हातारे झाले होते. एवढे म्हातारे झालेत हे तिच्या आधी लक्षात आलं नव्हतं.

“याले पानी कोन घालन?” त्यांनी विचारलं. या वेळी तिलाच.

“तुमी.”

“आंब्याले बी मीच घातलं होतं,” दौलतराव म्हणाले. “वीस साल झाले, पोरी. घालूनच राह्यलो.”

प्रयागबाईला वाटलं, आता आपल्यानं बोलवणार नाही. पण इतकं बोलून झाल्यावर गप्प बसण्यात काही अर्थ नव्हता.

“आंबा तुमी त्यायच्या मांगून लावला, मामाजी,” ती म्हणाली. “आपल्या नावाचं झाड घरी हाय, हे त्यायले ठावच नाई. हे मी माह्या हातानं लावून चालली. पयलं फळ धरलं का तुमी नुसतं कळवा. तोडाले मीच येईन, अन पयली फोड तुमच्याच हातावर ठेवीन.”

एका बैलानं मान हलवली तेव्हा घुंगरं वाजली. दौलतराव आंब्याकडे पाहत होते. मग त्यांनी खाली खड्ड्याकडे पाहिलं, आणि वाफ्यात एखादं रोप चुकीचं लागलेलं दिसावं तशा नेहमीच्या कुरकुऱ्या आवाजात म्हणाले, “खड्डा लहान हाय.”

“टिकास घ्या,” तुळसाबाई नवऱ्याला म्हणाली. “पाहून काय राह्यले? अन कांद्याचं पाहू मंग. वाफे मी पाहीन, मले काय हात नाईत का?” तिनं ताट खाली ठेवलं आणि जावेच्या दंडाला एक सणसणीत चिमटा काढला. त्यात राग होता, आणि रागाहून जास्त काहीतरी होतं.

पंजाबराव टिकासाला हात घालणार तोच दौलतरावांनी ते स्वतः उचललं. जगदेव मदतीला पुढे झाला, तर त्याला त्यांनी कोपरानं बाजूला सारलं.

“तू राहू दे,” ते म्हणाले. “तुले इंग्रजी येते. खड्डा येत नाई. अन नाक पूस.”

गावातून तोरणाचे ढोल वाजू लागले होते. रामरावमामा दोनदा म्हणाले, की उशीर होऊन राह्यला, मानाची जागा जाईल. दौलतरावांनी ऐकलं नाही. संत्र्याला हवा तेवढा खोल, हवा तेवढा रुंद खड्डा होईपर्यंत ते खणत राहिले, मग त्यांनी आतली माती हातानं मोकळी केली, गुडघे टेकून बसले आणि मान वर करून धाकट्या सुनेच्या तोंडाकडे पाहिलं.

“सूनबाई,” ते म्हणाले, “धर. सरळ धर.”